सभामंडप गेला, गाभारा राहिला : लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू चर्चची कथा

चर्चच्या इमारतीवर बोलायला कामगार संघटनेतला माणूस कशाला, असा प्रश्न व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून दोन-तीन जणांनी आम्हाला विचारला. विचारणाऱ्यांचे काही चुकले असे नाही. देवळे, मशिदी, चर्चे यांचा इतिहास सांगण्याचे काम आजवर बहुधा दोन प्रकारच्या मंडळींनी केले, भाविकांनी आणि वास्तुशास्त्रज्ञांनी. पहिल्यांना देव दिसतो, दुसऱ्यांना कमान दिसते. आम्हाला या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत असे नव्हे. पण उमेदीची वर्षे मजुरीच्या दरांच्या वाटाघाटीत गेल्यामुळे मोठी दगडी इमारत पाहिली की आमच्या मनात आधी वेगळेच प्रश्न उठतात. हा दगड वर कोणी चढवला? त्याचा रोज काय होता? आणि इमारत उभी राहिल्यावर तिच्यावर ताबा कोणाचा राहिला? या प्रश्नांची उत्तरे जिच्या भिंतींवर जवळजवळ उघडी वाचता येतात, अशी एक इमारत आज आम्ही घेतली आहे.

ती म्हणजे जुन्या लंडन शहरातले, स्मिथफिल्डच्या बाजाराला लागून असलेले सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट हे पॅरिश चर्च. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतली वस्ती. तिथल्या माणसाचे बारसे, लग्न आणि अंत्यविधी त्याच चर्चमध्ये व्हायचे आणि नोंदही तिथल्याच वहीत व्हायची. जुन्या लंडनमध्ये अशी शंभराच्या आसपास चर्चे होती. १६६६ च्या मोठ्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली, आणि आज प्रवासी जी पाहतात ती बरीचशी आगीनंतर क्रिस्टोफर रेनने उभारलेली आहेत. बार्थोलोम्यूपर्यंत मात्र ती आग पोहोचली नाही. थोड्या अंतरावर, पाय कॉर्नर म्हणतात त्या कोपऱ्याशी थांबली. म्हणून बाराव्या शतकातले नॉर्मन काम एवढ्या प्रमाणात आजही उभे असलेले शहरातले पॅरिश चर्च हेच.

याचा संस्थापक राहेर नावाचा, पहिल्या हेन्री राजाच्या दरबारातला माणूस. कथा अशी की, तो रोमला यात्रेला गेला, तिथे तापाने अंथरुणाला खिळला आणि बरा झालो तर गरिबांसाठी रुग्णालय बांधीन असा त्याने नवस केला. परतीच्या वाटेवर त्याला संत बार्थोलोम्यूचा दृष्टांत झाला आणि संताने स्मिथफिल्डची जागा दाखवली. दृष्टांत, नवस आणि नवसफेड या गोष्टी आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नकोत. इ. स. ११२३ मध्ये राहेरने रुग्णालय आणि ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंचा मठ अशा दोन संस्था शेजारीशेजारी सुरू केल्या. रुग्णालय आज नऊशे वर्षांनंतरही त्याच जागी चालू आहे. आमच्या दृष्टीने हा सगळ्या हकीकतीतला सर्वांत मोठा चमत्कार होय.

जागा कशी होती? गावकुसाबाहेरची, दलदलीची, आणि गुन्हेगारांना फासावर लटकवायची. तिथे दगड आणायचा कसा? लंडनच्या आसपास बांधकामाचा चांगला दगड नाही. तो लांबून पाण्याच्या वाटेने आणावा लागे. मठातल्याच एका साधूने पुढे दुसऱ्या हेन्रीच्या काळात मठाच्या स्थापनेची कथा लिहून ठेवली. तीत एक नामी तपशील आहे. राहेरने वेड्याचे सोंग घेतले, पोरेटोरे आणि नोकरचाकर आपल्याभोवती जमवले, आणि त्यांच्या मदतीने दगड व इतर सामान सहज गोळा केले. साधूला यात आपल्या गुरूची युक्ती दिसली. आम्हाला यात श्रमदान दिसते. श्रमदानाला आमचा विरोध नाही, पण ते कोण करतो आणि इमारतीवर नाव कोणाचे लागते हे पाहायची आम्हाला खोड आहे.

आता इमारत समजून घेऊ. पश्चिमेकडून आत शिरले की आधी लांबलचक सभामंडप, मग दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले दोन बाहू, त्यांच्या मध्यावर चार कमानींचा चौक, आणि त्यापलीकडे पूर्वेला साधूंची प्रार्थनेची जागा व वेदी. या पूर्वेकडच्या भागाला आपण सोयीसाठी गाभारा म्हणू. त्याचे टोक अर्धवर्तुळाकार आहे आणि त्याभोवती फिरायला एक वाट आहे. आपल्या देवळातला प्रदक्षिणामार्ग ज्याने पाहिला आहे त्याला ही रचना पहिल्याच दिवशी ओळखीची वाटेल.

राहेरच्या काळात सुरू झाला तो हा गाभारा. तळाशी जाडजूड गोल खांब, त्यांवर अर्धगोल कमानी, त्यांच्यावर सज्जाची ओळ, आणि सर्वांत वर खिडक्यांची ओळ. खांब एवढे जाड का, याचे कारण भक्ती नव्हे, वजन. अर्धगोल कमान आपल्या अंगावरचे ओझे नुसते खाली सोडत नाही, बाजूलाही रेटते. तो रेटा पेलायला त्या काळच्या गवंड्याजवळ एकच उपाय होता, भिंत आणि खांब जाड करणे. बाहेरून घडीव दगड, आत चुन्यात कालवलेले दगडगोटे. काम ओबडधोबड दिसते, पण ते नऊशे वर्षे टिकले आहे.

चौकातल्या चार कमानी तर जरा थांबून पाहण्याजोग्या आहेत. पूर्व-पश्चिमेच्या दोन गोल आहेत आणि उत्तर-दक्षिणेच्या दोन टोकदार. प्रथम पाहणाऱ्याला वाटते की नंतर कोणी तरी बदल केला असावा. तसे नाही. हा चौक चौरस नाही, लांबट आहे. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीवर ठरते. रुंदी कमी तर उंचीही कमी. मग अरुंद बाजूंच्या कमानींचे माथे रुंद बाजूंच्या बरोबरीला न्यायचे कसे? गवंड्याने कमान माथ्याशी मोडून टोकदार केली आणि उंची साधली. टोकदार कमान पुढे सगळ्या युरोपभर गाजली, तिच्यावर मोठमोठे ग्रंथ झाले, तिच्यात आकाशाकडे झेपावणारा आत्मा वगैरे लोकांना दिसला. इथे ती एका कारागिराला पडलेल्या हिशेबाच्या कोड्यातून आली आहे. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही; राहेरचे मात्र थडगे आहे, त्यावर कोरीव छत आहे आणि दगडी राहेर हात जोडून निजलेला आहे.

सभामंडप तेराव्या शतकात पुरा झाला, आणि पूर्वेच्या टोकाला मेरीचे देवघर चौदाव्या शतकात, १३३० च्या पुढेमागे, वाढवले गेले. त्या देवघराची आठवण ठेवा, पुढे त्याला बरेच काही पाहायचे आहे.

मठाचा खर्च कशावर चालत होता? इतर गोष्टींबरोबर जत्रेवर. ११३३ साली राजाने मठाला जत्रा भरवण्याची सनद दिली आणि ऑगस्टच्या अखेरीस संताच्या सणाला मठाच्या आवारात कापडाची मोठी जत्रा भरू लागली. देशभरचे कापडवाले येत, मठ जकात घेई. भांडणांचा निवाडा जागच्या जागी करायला ‘धुळकट पायांचे न्यायालय’ अशा अर्थाच्या नावाची कचेरी होती. वाटेची धूळ पायांवर असलेला फिरस्ता व्यापारी तिथे उभा राही आणि जत्रा उठायच्या आत निकाल घेऊन जाई. आमच्या कामगार न्यायालयांत ज्यांच्या तारखा पडत राहिल्या, त्यांना या कचेरीचा हेवा वाटेल! चर्चच्या बाजूच्या गल्लीला अजूनही क्लॉथ फेअर, म्हणजे कापडजत्रा, हेच नाव आहे. जत्रा स्वतः मात्र १८५५ मध्ये बंद पडली.

चौदाव्या शतकाच्या मध्यावर प्लेगने इंग्लंडची लोकसंख्या भराभर खाल्ली. माणसे मेली तेव्हा उरलेल्या मजुरांना भाव आला, आणि त्यांनी जास्त मजुरी मागायला सुरुवात केली. यावर पार्लमेंटने १३५१ मध्ये कायदा करून मजुरी प्लेगपूर्वीच्या दरावर बांधून टाकली. या कायद्यात दरपत्रकच आहे : घडीव दगडाच्या मुख्य गवंड्याला दिवसाला चार पेन्स, इतर गवंड्यांना तीन पेन्स, त्यांच्या हाताखालच्या गड्याला दीड पेनी. जास्त घेणाऱ्याला शिक्षा. पुढे १४२५ मध्ये तर गवंड्यांनी वर्षाकाठी एकत्र जमून सभा भरवणे हाच गुन्हा ठरवण्यात आला. संघटनाबंदीचे कायदे एकोणिसाव्या शतकातल्या गिरणीमालकांनी शोधून काढले असे आमच्यातले पुष्कळ कार्यकर्ते समजतात. त्यांनी हा १४२५ चा कायदा ध्यानात ठेवावा. ज्या लोकांनी देवाची घरे बांधली, त्यांच्यावरच तो प्रथम आला.

१३८१ मध्ये या दाबाचा स्फोट झाला. शेतकरी आणि कारागीर लंडनवर चालून आले. १५ जून रोजी त्यांचा पुढारी वॅट टायलर राजाशी बोलणी करायला स्मिथफिल्डच्या मैदानात आला, मठाच्या वेशीसमोर. बोलणी चालू असतानाच लंडनच्या मेयरने त्याच्यावर वार केला. जखमी टायलरला जवळच्या राहेरच्या रुग्णालयात नेले. तिथून त्याला ओढून बाहेर काढले आणि त्याचे डोके उडवले. वाटाघाटीला आलेल्या प्रतिनिधीला मारायचे नसते हा संकेत मोडल्याचे हे इंग्लिश इतिहासातले ठळक उदाहरण आहे. राजाने त्या मैदानात दिलेली वचने पुढे थोड्याच दिवसांत रद्द केली, हेही सांगून टाकावे.

गाभाऱ्यातल्या वरच्या खिडक्या आणि राहेरच्या थडग्यावरचे कोरीव छत ही कामे यानंतरची, १४०५ च्या सुमाराची. त्याच वेळी पूर्वेचे अर्धगोल टोक वरून तोडून तिथे मोठ्या खिडक्यांची सरळ भिंत घातली गेली, कारण गोल टोकाची रीत मागे पडली होती. म्हणजे चार पेन्सांच्या कायद्याखालचे गवंडी त्या भिंतीवर चढलेले होते. कामाची सफाई पाहिली तर दराचा राग त्यांनी दगडावर काढलेला दिसत नाही.

मठाच्या शेवटच्या बड्या अधिपतींपैकी विल्यम बोल्टन हा बांधकामाचा शौकीन. वेस्टमिन्स्टरला सातव्या हेन्रीचे देवघर बांधले गेले त्या कामावर त्याची देखरेख होती. त्याने आपल्या चर्चमध्ये दक्षिणेच्या सज्जात एक पुढे आलेली खिडकी बसवून घेतली. तिच्यावर पिपातून आरपार गेलेला बाण कोरला आहे. आडव्या धनुष्याच्या बाणाला इंग्रजीत बोल्ट, मोठ्या पिपाला टन. दोन्ही मिळून बोल्टन. ही खिडकी कशासाठी, तर तिथे बसून अधिपतीला खाली वेदी आणि राहेरचे थडगे यांवर नजर ठेवता यावी म्हणून, असे सांगतात. आम्हाला ती पाहून गिरणीत खात्याच्या वरच्या अंगाला असलेल्या साहेबाच्या काचेच्या खोलीची आठवण झाली. नमाज, आरती, प्रार्थना, साचा – काम कोणतेही असो, वरून पाहणारा एक असतोच.

बोल्टन १५३२ मध्ये वारला आणि सात वर्षांनी मठच संपला. आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेऊन देशातले सगळे मठ मोडीत काढले. बार्थोलोम्यूचा नंबर १५३९ मध्ये लागला. मठांच्या मालमत्तेची विल्हेवाट लावायला एक खास खाते काढले होते आणि त्याचा मुख्य होता रिचर्ड रिच. याच रिचने सुमारे १,०६४ पौंडांना बार्थोलोम्यूचा मठ, आवार आणि जत्रेचे हक्क १५४४ मध्ये स्वतः घेतले. विकणाऱ्या खात्याचा प्रमुख तोच, गिऱ्हाईकही तोच. असे व्यवहार आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे अधिक बोलत नाही.

सभामंडप पाडला गेला. मठाच्या सहा सुरेल घंटा शेजारच्या सेंट सेपल्करच्या पॅरिशला विकल्या. सभामंडपाची जागा मोकळी झाली, तिथे आज चर्चचे पटांगण आहे. आणि एकेकाळी ज्यातून मंडपाच्या दक्षिण अंगाला शिरत ते तेराव्या शतकातले दार आता रस्त्यावरची वेस म्हणून एकटे उभे आहे. वेस आणि चर्च यांच्यामध्ये आज चालत जाताना आपण खरे तर नाहीशा झालेल्या मंडपातूनच चालत असतो.

इथे एक गोष्ट उलटी घडली. मठाच्या चर्चचा नेहमीचा नियम असा, की मंडप गावकऱ्यांचा आणि गाभारा साधूंचा. म्हणून मठ मोडले तेव्हा ठिकठिकाणी गाभारे पडले आणि लोकांचे मंडप पॅरिश चर्च म्हणून वाचले. बार्थोलोम्यूच्या आवारात राहणाऱ्या लोकांचे लहानसे देवघर उत्तरेच्या बाजूला, गाभाऱ्याला चिकटून होते. मंडप गेल्यावर राजाच्या हुकुमाने गाभारा त्या पॅरिशला जोडून दिला. ज्या जागेत त्यांच्या आजोबांना दाराशी थांबावे लागले असते ती जागा खाटीक, शिंपी, कापडविके यांच्या मालकीची झाली. त्यात राजाची उदारता नव्हती. माणसांना कुठे तरी बसवणे भाग होते. पण ही वस्ती तिथे नसती तर गाभाऱ्याचे दगडही बाजारात गेले असते, याविषयी आम्हाला शंका नाही. आमच्या मते या इमारतीच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची घटना राहेरचा दृष्टांत नव्हे, ही आहे.

रिचविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १५४६ मध्ये अ‍ॅन अ‍ॅस्क्यू नावाच्या तरुण बाईला धर्ममतासाठी टॉवरमध्ये कोंडले होते. तिला ताणयंत्रावर चढवले आणि राजाचा चॅन्सलर व हा रिच या दोघांनी स्वतःच्या हातांनी ते यंत्र फिरवले, असे तिनेच लिहून ठेवले आहे. १६ जुलैला तिला स्मिथफिल्डमध्ये जाळले. चालता येत नव्हते म्हणून खुर्चीत घालून आणले होते. चर्चच्या भिंतीखाली बाक मांडून चॅन्सलर, मेयर आणि सरदार पाहायला बसले होते, आणि सरणात ठेवलेली दारू उडून आपल्या अंगावर येईल की काय याची त्यांना धास्ती होती. पुढे मेरी राणीच्या कारकिर्दीत याच मैदानात आणखी पुष्कळ जण जळाले. मेरीने १५५६ मध्ये चर्चमध्ये डॉमिनिकन साधूंना आणून बसवले. ती वारली आणि १५५९ मध्ये तेही गेले.

मग तीनशे वर्षे इमारत पॅरिशच्या हाती राहिली, आणि पॅरिश गरीब होत गेला. रिचच्या वारसांनी जत्रेच्या मैदानावर घरे बांधून भाड्याने लावली. त्या वेळचे एक घर, क्लॉथ फेअरमधले ४१ आणि ४२ क्रमांकांचे, अजून उभे आहे. १६२८ मध्ये पॅरिशने जुना मनोरा काढून विटांचा नवा बांधला. दगडी अंगरख्यावर तांबडे ठिगळ लावल्यासारखा तो दिसतो. पण त्यात ज्या पाच घंटा आहेत त्या १५१० च्या सुमाराच्या, टॉमस बुलिस्डनने ओतलेल्या. जुन्या लंडनच्या श्रीमंत पॅरिशांनी आपापली चर्चे वेळोवेळी नव्या रीतीप्रमाणे सजवली. बार्थोलोम्यूला ते परवडले नाही, म्हणून नॉर्मन खांब जागेवर राहिले. गरिबीने राखलेल्या वस्तूंची यादी कोणी केली तर ती फार मोठी होईल.

या वस्तीत माणसे कोण होती? १६६० मध्ये राजेशाही परत आल्यावर कवी मिल्टन लपून राहिला तो इथेच, आवारातल्या एका मित्राच्या घरी. चित्रकार होगार्थ १६९७ मध्ये इथेच जन्मला, आणि ज्या दगडी पात्रापाशी त्याचे बारसे झाले ते पंधराव्या शतकाच्या आरंभीचे पात्र चर्चमध्ये आजही आहे. मेरीचे देवघर रिचच्या वेळेपासून राहत्या घरांत गेले होते. तिथे पुढे छापखाना निघाला असे सांगतात. आवारातल्या पामर नावाच्या छापखान्यात १७२५ मध्ये अमेरिकेहून आलेला एकोणीस वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन खिळे जुळवायला लागला. त्याच्या हाती आलेले काम होते वोलॅस्टनच्या धर्मविषयक ग्रंथाचे. जुळवता जुळवता त्याला ग्रंथातले विचार पटेनात, म्हणून त्याने उलट मताची पुस्तिका लिहून स्वतःच छापली. जुळाऱ्याने मजकूर नुसता जुळवावा, वाचू नये, असे समजणाऱ्या मालकांनी हे ध्यानात घ्यावे.

फ्रँकलिनचे नाव निघाले आहे तर एक आडकथा सांगतो. इंग्लंडमध्ये छापखान्यातल्या कामगारांच्या संघटनेला ‘चॅपेल’, म्हणजे देवघर, म्हणतात, आणि तिच्या प्रमुखाला ‘फादर’. हा शब्द फ्रँकलिनच्याही आधीचा; १६८३ च्या मॉक्सनच्या छपाईवरील पुस्तकात तो आहे. तेव्हा तो या इमारतीतून निघाला असे आम्ही म्हणत नाही. पण फ्रँकलिन पुढे वॉट्सच्या छापखान्यात गेला तेव्हा तिथल्या जुळाऱ्यांच्या चॅपेलने त्याच्याकडे प्रवेशाचे पाच शिलिंग मागितले. यंत्रखात्यात एकदा दिले आहेत, पुन्हा देणार नाही, म्हणून तो अडून बसला. मालकानेही त्याला देऊ नको म्हणून सांगितले. मग त्याचे खिळे एकमेकांत मिसळू लागले, पाने उलटीसुलटी लागू लागली, आणि विचारले की उत्तर मिळे, हे चॅपेलचे भूत करते! दोन-तीन आठवड्यांत त्याने पैसे भरले. वर्गणी चुकवणाऱ्यांसाठी आम्ही हा उपाय सुचवत नाही. नुसती माहिती दिली.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत चर्चच्या उरलेल्या अंगांचे काय झाले हे पाहिले म्हणजे आजचा स्वच्छ गाभारा पाहणाऱ्याला खरे वाटणार नाही. उत्तरेच्या बाहूत लोहाराची भट्टी. वरच्या सज्जात पॅरिशची शाळा. साधूंच्या ओवऱ्यांत घोड्यांचे तबेले. १८३० मध्ये दक्षिणेच्या अंगाला आग लागली, तीत साधूंचे सभागृह गेले. आणि मेरीच्या देवघरात झालरी-गोंडे विणण्याचा कारखाना. पडदे, खुर्च्या, पोशाख यांच्या कडांना लावायच्या झालरी. कारखाना वाढत वाढत वरच्या अंगाने चर्चमध्ये शिरला आणि त्याचा मजला लोखंडी खांबांवर थेट वेदीच्या डोक्यावर आला. खाली पाद्री शांतीचा आशीर्वाद देतो आहे आणि वर झालर विणली जाते आहे, असा हा संसार होता.

दुरुस्तीची पहिली लाट १८६३ साली सुरू झाली. शतकानुशतकांच्या पुरण्यांनी आणि भरावाने जमीन दोन-तीन फूट वर आली होती, त्यामुळे खांबांचे पाय गाडले गेले होते. ती खणून मूळ पातळीवर आणली. जुनी बाके काढली, पूर्वेची सरळ भिंत काढून गोल टोकाचा खालचा भाग मोकळा केला. वरचा भाग पुरा करता आला नाही, कारण तिथे कारखाना होता. पुढची सुमारे वीस वर्षे हा तिढा तसाच राहिला. १८८० नंतर चर्चने एक एक जागा पैसे मोजून परत घेतली आणि अ‍ॅस्टन वेब या वास्तुशिल्पीच्या हाती काम दिले. बकिंगहॅम राजवाड्याचा आजचा दर्शनी भाग पुढे १९१३ मध्ये बांधला तो हाच. त्याने १८८६ मध्ये गोल टोक पुरे केले, १८९१ मध्ये दक्षिणेचा आणि १८९३ मध्ये भट्टी हलवून उत्तरेचा बाहू बांधला, १८९७ मध्ये मेरीचे देवघर परत उघडले. त्याच्या भावाने, एडवर्ड वेबने, १९२१ मध्ये चर्चचा दोन खंडांचा इतिहास लिहिला. आमच्यासारख्यांना तोच आधार.

वेबच्या बाजूने एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्याने नॉर्मन कामाची नक्कल केली नाही. त्याचे बाहू आखूड आहेत, कारण पलीकडे वस्तीची घरे होती. आणि बाहेरून त्याने गारगोटी व पांढरा दगड यांचे चौकटीचौकटीचे काम केले, म्हणजे जुने कुठे संपते आणि नवे कुठे लागते हे पोरालाही कळावे. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली हेमाडपंती भिंतीवर संगमरवरी फरशा आणि ऑइलपेंट चढवणाऱ्या विश्वस्तांनी हे जाऊन पाहावे.

पण आमची तक्रार आहेच. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. हा माणूस कारागीर, कवी आणि पुढे समाजवादी. त्याचे म्हणणे असे, की जुनी इमारत कोणत्या तरी एका पवित्र सालाकडे परत नेता येत नाही; मधल्या शतकांनी तिच्यावर जे केले तोही तिचाच इतिहास. बार्थोलोम्यूमध्ये राहेरचे शतक ठेवले, बोल्टनची खिडकी ठेवली, सरदारांची थडगी ठेवली. आणि भट्टी, तबेला, शाळा, कारखाना यांची दीडदोनशे वर्षे ‘विटंबना’ म्हणून झाडून काढली. भट्टी तिथेच चालू ठेवायला हवी होती असे आम्ही म्हणत नाही. चुन्याच्या कमानीखाली भाता चालवणे कमानीला घातक आहे, एवढे आम्हालाही कळते. पण ज्या भिंतींच्या आत माणसांनी दिवसाचे दहा-बारा तास राबून पोट भरले, त्यांना विटाळलेल्या भिंती म्हणायचे आणि रिचसारख्याने मंडप विकून खाल्ला त्याला नुसते ‘मालकीतला बदल’ म्हणायचे, ही भाषा कोणाची? आम्ही वाचलेल्या पुस्तकांत राहेरपासून वेबपर्यंत सगळ्यांची नावे सापडली. लोहार फक्त ‘भट्टी’ म्हणून येतो आणि झालरी विणणारे फक्त ‘कारखाना’ म्हणून.

चर्चमधल्या एका स्मारकाची मौज सांगण्यासारखी आहे. एडवर्ड कुक नावाचा वैद्य आणि तत्त्वज्ञ १६५२ मध्ये वारला. त्याचा पुतळा मऊ दगडाचा, आणि पावसाळी हवेत त्याच्यावर दव धरून डोळ्यांतून पाणी ओघळे. स्मारकावरच्या लेखातही या अश्रूंचा उल्लेख आहे. पुढे चर्चमध्ये ऊब देणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या बसवल्या तेव्हापासून कुकचे रडणे थांबले.

पहिल्या महायुद्धात १९१५ साली जर्मन झेपेलिनने टाकलेला बॉम्ब जवळ पडला आणि रस्त्यावरच्या वेशीवर असलेल्या घराचा बाहेरचा मुलामा ढासळला. आतून १५९५ मधले सागवानी वाटावे असे ओकचे लाकडी घर निघाले. लाकडी चौकटी, मधे भरीव भिंत; वाड्यात वाढलेल्या माणसाला लगेच ओळखू येईल असे काम. एवढी वर्षे लोक त्याखालून जात होते आणि कोणाला पत्ता नव्हता. दुरुस्त करून ते तसेच ठेवले आहे. दुसऱ्या महायुद्धात भोवतालचे लंडन जळाले तरी चर्च वाचले.

२०१५ मध्ये हा पॅरिश आणि रुग्णालयाच्या आवारातल्या लहान सेंट बार्थोलोम्यूचा पॅरिश एक झाले. राहेरने एकाच वर्षी सुरू केलेल्या दोन संस्था अशा पुन्हा एका वहीत आल्या. त्याच वर्षी जुलै महिन्यात स्मिथफिल्डमध्ये वॅट टायलर आणि १३८१ चा उठाव यांच्या स्मरणार्थ पाटीच्या काळ्या दगडाचा फलक बसवला गेला. त्याला ६३४ वर्षे लागली. फलकाचे अनावरण चित्रपट दिग्दर्शक केन लोच यांनी केले.